शून्याचा नारळ

आमच्या ऑफिसात वेबसाइट तयार झाली की नारळ फुटायचा. सोलापूरच्या नवी पेठेत साड्यांच्या एका दुकानाच्या डोक्यावर आमचं ऑफिस. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्याची वाट बघायची. साइट गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या दिवशी आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, कपाळाला गंध लावून यायचे. की-बोर्डवर हळदकुंकू वाहायचे, उंबऱ्यावर नारळ फोडायचे आणि मग खुर्चीत बसून कोडच्या अगदी पहिल्या ओळीत, कंसामध्ये, स्वतःच्या हातानं एक शून्य टाइप करायचे. शून्य पडलं की पेढे. की-बोर्डच्या फटीत गेलेलं कुंकू काढायचं काम दुसऱ्या दिवशी माझ्याकडं यायचं.

हे शून्य म्हणजे काय ते आधी सांगते. आम्ही साइट पीएचपी नावाच्या भाषेत लिहितो. ही भाषा स्वभावानं बोलकी. काही खटकलं की ती बोलून दाखवते, आणि तिच्या बोलण्याला पायऱ्या आहेत. बारीकसारीक असलं तर नोटीस: अहो, या डब्यात काही ठेवलेलंच नाही आणि तुम्ही तो उघडताय. त्याहून मोठं बिनसलं तर वॉर्निंग: हे काम झालेलं नाही, मी पुढं निघाले आहे, तुमचं तुम्ही बघा. आणि अगदीच हातपाय गळाले तर फेटल. तिथं ती मटकन बसते आणि पान पांढरं पडतं. शिवाय जुन्या पद्धतीनं काही लिहिलं असेल तर हे लवकरच बंद होणार आहे अशी एक वेगळी कुरकुर असते. यातलं किती ऐकायचं ते तुमच्या हातात. सगळं ऐका, नुसतं मोठं मोठं ऐका, नाहीतर काहीच ऐकू नका. शून्य घातलं की भाषेचं तोंड बंद. साइट आतून जळाली तरी बाहेर चकार शब्द येत नाही.

सरांनी ही रीत का पाडली याची एक गोष्ट होती आणि ती ऑफिसात नव्या आलेल्या प्रत्येकाला ऐकावी लागायची. फार पूर्वी नवी पेठेतल्याच एका कापडवाल्यानं दुकानाची साइट करून घेतली होती. मुहूर्तावर उद्घाटन, भिंतीवर मोठा पडदा, गुरुजी, सोयरेधायरे, लाडूचिवडा. सरांनी बटण दाबलं आणि पडद्यावर दुकानाच्या नावाच्या वर ठळक अक्षरात उमटलं, वॉर्निंग. चूक किरकोळ होती, एक चित्र सापडत नव्हतं. पण कापडवाल्याच्या थोरल्या भावानं तो एकच शब्द मोठ्यांदा वाचला, नंतर त्याचा अर्थही सांगितला आणि सगळ्या दुकानात सन्नाटा पसरला. शुभकार्यात इशारा! कापडवाल्यानं ती साइट घेतली नाही ती नाहीच. "त्या दिवसापासून कानाला खडा," सर म्हणायचे. "पाहुण्यांसमोर घरातलं काढायचं न्हाई."

शून्यावरही सरांचं समाधान नव्हतं. ज्या ज्या ओळी कुरकुर करतील असं वाटायचं त्यांच्या आधी ते ई-मेलमधलं ते ॲटचं चिन्ह टाकायचे. पीएचपीत ते चिन्ह लावलं की तेवढी एक ओळ मुकी होते. बाळाला काजळाची तीट लावावी तशी त्यांनी सगळ्या कोडला ती चिन्हं लावून ठेवली होती.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी विचारलं, "सर, मग आत काही चुकलं तर आपल्याला कळणार कसं?"

"गिऱ्हाईक फोन करंल की," सर म्हणाले.

मला ते पटलं नाही. मला पटत नाही तेव्हा माझं नाक फुगतं, असं घरचे म्हणतात. पण नवीन नोकरी, त्यात ऑफिसात प्रोग्रॅम लिहिणारी मी एकटीच बाई. नाक फुगवून गप्प बसले.

गिऱ्हाईक फोन करायचं, हे मात्र खरं निघालं. फक्त ते फोन ऑफिसात येत नव्हते. ते माझ्या आत्याला येत होते.

माझी आत्या भवानी पेठेत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकते. तिचे यजमान ज्या यंत्रमागाच्या कारखान्यात होते तो बंद पडल्यावर तिनं हे सुरू केलं. गल्लीतल्या चौघीजणी तिच्याकडं येतात. दोघी थापतात, एक भाजते, एक उखळात चटणी कुटते आणि आत्या सगळ्यांवर ओरडते. तिची भाकरी पापडासारखी कडक, महिनाभर टिकणारी. सर तिच्या चटणीचे भक्त. मी नोकरीला लागायच्या आधीच त्यांनी हौसेनं तिला साइट करून दिली होती. तिच्या अंगणात नारळ फोडून शून्यही घातलं होतं. पैसे माल हातात पडल्यावर द्यायचे, तोवर कुणाचा एक रुपया घ्यायचा नाही, ही आत्याची अट.

सुरुवातीला ऑर्डरी यायच्या त्या सोलापुरातल्याच. मग कुणीतरी तिच्या भाकरीचा व्हिडिओ काढला, तो फिरला आणि पुण्यामुंबईचे लोक साइटवर यायला लागले. आत्यानं पिठाचा मोठा डबा घेतला. आणि त्याच सुमारास शिव्या सुरू झाल्या.

एक फोन मी स्वतः ऐकला. रविवारची दुपार होती, मी आत्याकडं जेवायला गेले होते. पुण्याहून एक बाई बोलत होत्या. ऑर्डर देऊन कितीतरी दिवस झाले, साइटवर 'धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली' असं चक्क आलं, आणि माल नाही, फोन नाही, काही नाही. आत्या म्हणत होती, "ताई, मला तुमची ऑर्डर आलीच न्हाई." त्यावर त्या बाई म्हणाल्या, "म्हणजे साइट खोटं बोलते की तुम्ही? सोलापूरची माणसं अशी खोटारडी असतील असं वाटलं नव्हतं." आणि फोन आपटला.

आत्या फोन हातात धरून तशीच बसली. तिला कुणी महागडी म्हणावं, तोंडाळ म्हणावं, तिला चालतं, ती हसते. पण एकदा हो म्हटलं की जीव गेला तरी ते करायचं, हा तिचा पीळ. लग्नाच्या ऑर्डरीच्या दिवशी ताप असताना ती भाकऱ्या पोचवायला रिक्षानं गेली होती. तिला खोटारडी म्हणणं म्हणजे तिला मुळापासून उपटणं होतं.

"असले फोन किती आले?" मी विचारलं.

"मोजलं न्हाईत. रोजच येत्यात." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "माझं ठरलंय. संक्रांतीच्या ऑर्डरी तेवढ्या करायच्या. मग बंद."

"साइट ना?"

"समदंच. चूल बंद. खोटी म्हणून नाव घेऊन मी भाकरी थापायची न्हाय."

चौघीजणी तिथंच होत्या. थापणारीचा हात थांबला. आत्याशी वाद घालून काही होत नाही हे चौघींनाही माहीत. मी मात्र त्याच घराण्यातली. मनात म्हटलं, संक्रांतीच्या आत हे काय आहे ते मी शोधून काढणार. नाही काढलं तर कॉम्प्युटरचं नाव टाकेन.

सोमवारी सरांपुढं उभी राहिले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आत्याची साइट उघडली आणि स्वतःच्या नावावर अर्धा किलो चटणीची ऑर्डर टाकली. 'धन्यवाद.' लगेच आत्याला फोन लावला. ऑर्डर पोचली होती.

"बघ. जातंय की."

मी माझ्या नावानं टाकली. तीही पोचली. समोरच्या टेबलावरच्या सीनियरनं टाकली. पोचली. त्या दिवशी आत्याकडं आमच्या ऑफिसातून एवढी चटणी मागवली गेली की तिला वाटलं आमच्याकडं कुणाचं तरी लग्न आहे.

"लोक बटण दाबत न्हाईत नीट," सर म्हणाले. "आणि दोष आपल्याला."

"सर, ते शून्य काढू या. आत काय चाललंय ते तरी दिसेल."

"चालू झालेली साइट आहे. नारळ फुटलाय तिचा. आता त्यात हात घालायचा न्हाई."

"मग तिची नक्कल माझ्या लॅपटॉपवर घेते. ती काही कुणाच्या मुहूर्ताला दिसणार नाही."

सरांनी पेन खाली ठेवलं. "ऑफिसच्या वेळात न्हाई."

"जेवणाच्या सुट्टीत."

"जेवणार कधी?"

"आत्याची कडक भाकरी आहे. एका हातानं खाता येते."

सर हसले आणि तिथंच मला परवानगी मिळाली. 

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नक्कल उघडली, शून्य पुसलं आणि सगळं ऐकायचं असा हुकूम लिहिला. मग सगळ्या फायलींतून ती ॲटची चिन्हं वेचून काढली, कारण ती असताना हुकमाचा उपयोग नव्हता. पान ताजं केलं आणि स्क्रीन भरून गेली. नोटिसा, वॉर्निंगा, पुन्हा नोटिसा. आत्याच्या भाकरीचा फोटो पार खाली ढकलला गेला होता. इतकी वर्षं मुकं ठेवलेलं ते कोड एकदम बोलायला लागलं होतं. सीनियर माझ्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "झाक ते, सर येतील." भर रस्त्यात कुणी धोतर सोडलेलं दिसावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

मला मात्र राग आला. खरंच राग आला. यातली प्रत्येक ओळ म्हणजे कुणीतरी आपल्याला काही सांगत होतं आणि आपण पेढे खात होतो. मी बसले. रोज दुपारी, एका हातात भाकरी, एका हातात माऊस. चित्र सापडत नाही, रिकामा डबा उघडलाय, जुनी पद्धत आहे: एकेक ओळ घ्यायची, जिथून ती आली तिथं जायचं, दुरुस्त करायची, पान ताजं करायचं. दहातल्या नऊ तक्रारी खरोखर किरकोळ होत्या. सीनियर म्हणायचा, "बघ, काही नव्हतं त्यात." पण दहावी कुठली हे नऊ वाचल्याशिवाय कळत नाही, हे त्याला कोण सांगणार? पान हळूहळू वर सरकायला लागलं. भाकरीचा फोटो दिसायला लागला. शेवटी एके दिवशी पान अगदी स्वच्छ आलं, आणि या वेळी ते शून्यामुळे नव्हतं.

मी ऑर्डर टाकली. गेली. पुन्हा टाकली. गेली. कुठलीही तक्रार नाही. म्हणजे एवढं करून हाती काहीच नाही. संक्रांत दाराशी आलेली. आत्यानं तीळ लावून शेवटच्या बाजरीच्या भाकऱ्या करायला घेतल्या होत्या आणि चौघींपैकी एक टॉवेलच्या कारखान्यात काम मिळतंय का ते बघून आली होती.

त्या संध्याकाळी मी तडक आत्याकडं गेले.

"आत्या, त्या पुण्याच्या बाईंना फोन लाव."

"कोणत्या?"

"खोटारडी म्हणाल्या त्या. नंबर असेल तुझ्या फोनमध्ये."

"का? आणखी खायच्या हायत का शिव्या?"

"व्हय," मी तिच्याच भाषेत म्हटलं. "खायच्या हायत. लाव."

तिनं नंबर शोधला. मग लावला. त्या बाईंनी आवाज ओळखला आणि कट केला. आत्यानं परत लावला. हा हट्ट तिचा, मी काही म्हटलं नव्हतं. "ताई, फोन ठिवू नका. मला काय विकायचं न्हाय. माझी भाची कॉम्पुटरवाली हाय, ती ईचारंल त्याचं उत्तर द्या, मग पाहिजे तेवढं बोला मला."

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. त्यांना म्हटलं, तुम्ही त्या दिवशी चौकटींमध्ये काय काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं सांगा, मी इथं लिहिते. नाव सांगितलं. फोन सांगितला. मग पत्ता सांगायला लागल्या. फ्लॅट नंबर, मजला, विंग, इमारतीचं नाव, सोसायटीचं नाव, फेज दोन, अमक्या शाळेच्या पाठीमागे, तमक्या मंगल कार्यालयाच्या समोरच्या गल्लीत, बायपासजवळ, पुणे. मी लिहीतच होते. बटण दाबलं.

पानाच्या डोक्यावर उमटलं: वॉर्निंग. पत्त्याच्या रकान्यात मावत नाही एवढा मजकूर आहे. आणि त्याच्या खाली, अगदी सुरेख अक्षरात: धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली.

पानावरची चौकट ऐसपैस, कितीही लिहा. पण ऑर्डर जिथं साठते तिथला पत्त्याचा रकाना अरुंद ठेवलेला. पत्ता त्यात मावला नाही की अख्खी ऑर्डरच परत फेकली जायची. भाषा तसं सांगत होती, तिच्या तोंडावर हात होता, आणि पुढची ओळ बिनदिक्कत आभार मानत होती. सरांची ऑर्डर का गेली? सरांचा पत्ता, 'मारुतीसमोर, नवी पेठ'. माझा, 'गिरणीच्या मागे, भवानी पेठ'. आम्हा पेठेतल्या लोकांना पत्ता म्हणून याहून जास्त काही लागतच नाही. पोस्टमन उरलेलं तोंडानं विचारतो. ज्याच्या घरी आत्या पायी जाऊन भाकरी देऊ शकत होती त्याचीच ऑर्डर पोचत होती.

मी त्या बाईंना सगळं सांगितलं. मग आत्याला म्हणाल्या, "मी फार बोलले हो तुम्हाला."

"बरं झालं बोललात," आत्या म्हणाली. "पता लिवून घेतलाय. परवा भाकरी मिळंल."

सरांना दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप दाखवला. त्यांनी तो पत्ता वाचला, वॉर्निंग वाचली, खालचं धन्यवाद वाचलं. चष्मा काढून पुसला. "एवढा मोठा पत्ता असतो होय माणसाचा," असं स्वतःशीच म्हणाले. मग रकाना मोठा केला आणि कोडमध्ये त्यांनी स्वतः लिहिलं की ऑर्डर साठली तरच धन्यवाद म्हणायचं, नाहीतर 'नोंद झाली नाही, फोन करा' असं सांगायचं.

शून्याचं मात्र भांडण झालं. पाहुण्यांसमोर काढायचं नाही, यावर सर अडून बसले. मी म्हटलं, "काढूच नका. पाहुण्यांना दिसणार नाही असं करता येतं. पण ऐकायचं सगळं. बाहेर काही दाखवायचं नाही आणि आत एका फाइलीत सगळं लिहून ठेवायचं. ती फाइल रोज सकाळी मी वाचेन, चहाच्या आधी." पीएचपीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, दाखवणं आणि ऐकणं. सरांनी इतकी वर्षं त्या एकच समजल्या होत्या. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "नारळ तर फोडायचाच ना?" म्हटलं, फोडा की, खोबरं आम्हालाच मिळतं.

मी विजयी होऊन आत्याकडं गेले. सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"ज्यांनी फोन केला त्यांचं कळलं. ज्यांनी न्हाई केला ते कोण?"

"ते नाही कळणार."

"कुटंच लिवलेलं न्हाय?"

"नाही गं. शून्य होतं ना. ऑर्डर परत गेली आणि ती कुणाची होती तेही गेलं."

आत्यानं परात पालथी घातली. "म्हंजे त्यांच्यासाठी मी खोटीच की. शिव्या दिल्या त्यांना भाकरी दिली, आन जे गप बसले ते आयुष्यभर मला खोटी म्हणणार. मग तू काय शोधलंस?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच, पण आलं. एवढ्या दुपारी घालवून मी चूक शोधली होती आणि आत्याचं नाव जिथल्या तिथं होतं.

"पाटी लाव," ती म्हणाली. "साइटवर, पयल्यांदा दिसंल अशी. चूक आमची हाय, ज्यांना भाकरी मिळाली न्हाय त्यांनी फोन करा, म्हणून. माझा नंबर टाक."

सर ऐकून उडालेच. आपल्या दुकानाच्या दारावर आपणच चुकलो म्हणून कोण लिहितं? मग आत्या स्वतः तो अरुंद जिना चढून ऑफिसात आली. तिला बघून सर उभे राहिले. ती खुर्चीवर बसली नाही. म्हणाली, "सायेब, नारळ माझ्या अंगणात फुटला. बोलणी मी खाल्ली. पाटी लागंल." आणि सरांनी स्वतः ती लावली. भगव्या पट्टीवर, मोठ्या अक्षरात. वर त्यांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाटीचा फोटो पाठवला. त्यात तो कापडवालाही असणार.

संक्रांत झाली. दुसऱ्या दिवशी आत्यानं बोलल्याप्रमाणे चूल बंद ठेवली. चौघीजणी सवयीनं आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. त्या दिवशी किंक्रांत, म्हणून मीही रजा टाकून तिथंच होते. फोन येत होते. लोक चिडायचे, आत्या म्हणायची, "बोला, समदं बोला," आणि मी नाव-पत्ता लिहून घ्यायचे. काहींना आता नको होतं. काहींना हसू येत होतं. आत्याचा चेहरा मात्र सैल होत नव्हता, आणि चुलीकडं ती बघतही नव्हती.

दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. त्यांचा आवाज इतका सौम्य की स्पीकर लावून आम्ही पुढं वाकलो. शेजाऱ्यानं पाटी दाखवली म्हणून फोन केला, म्हणाले. "तसं काही विशेष नाही. एक भाकरीचं पाकीट राहिलं, एवढंच. जाऊ द्या."

"जाऊ द्या कसं? रागवा की तुमी," आत्या जवळजवळ ओरडली. "नीट सांगा, काय झालं ते."

ते मग म्हणाले, "माझी बायको सोलापूरची. साखर पेठेतली. तिच्यासाठी मागवलं होतं. रोज दारावर कुणी आलं की ती म्हणायची, भाकरी आली असेल. मी म्हणायचो, अगं, फसवलं आपल्याला, काळ बदलला. ती म्हणायची, आमच्याकडची बाई हो म्हणून पाठवणार नाही असं व्हायचं नाही. त्यावरून आमची भांडणं झाली. फार बोललो मी तिला. हट्टी आहेस, तुझं गाव आता तसं राहिलेलं नाही, असं काहीबाही. तुमच्या पाटीवरनं दिसतंय की तिचंच बरोबर होतं. तुम्ही तेवढं तिला सांगाल का? माझ्याकडून ती ऐकून घेत नाही."

"द्या त्यांच्याकडं फोन," आत्या म्हणाली.

तिकडं भांडं सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी सावकाश चालत आलं. "कोण?"

"मी भवानी पेठेतनं बोलतीया. भाकरीवाली. बाई, तुमचं खरं होतं. मला तुमची ऑर्डर आलीच न्हवती. चूक आमची झाली."

"मी म्हणतच हुते ह्यांना," तिकडची बाई म्हणाली. "न्हाय पाठवणार असं हुईल कसं?" मग म्हणाली, "आता मिळंल का वो? का बंद केलंसा?"

आत्यानं फोन छातीशी धरला. भिंतीला टेकलेल्या चौघी तिच्याकडं बघत होत्या.

"पीठ घ्या गं मळायला," ती म्हणाली.